वाचनालयाचा कोहा सर्व्हर: स्वतः सांभाळावा की व्यवस्थापित होस्टिंग घ्यावे?

दाखलनोंद (प्रश्न)

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे सुमारे 38,000 पुस्तके आणि 1,400 सभासद असून दाखल नोंद, तालिका व देवघेव ही सर्व कामे 'कोहा' या मुक्त ग्रंथालय प्रणालीवर चालतात. कोहा सध्या कार्यालयातील एका डेस्कटॉप संगणकावर, डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीवर बसवलेला आहे. ज्या तरुण सभासदाने तो हौसेने बसवून दिला, तो आता नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आहे. तो फोनवर मदत करतो, परंतु ही मदत त्याच्याकडे किती काळ मागत राहावी याचा आम्हाला संकोच वाटतो.

कार्यकारी मंडळाची इच्छा आहे की सभासदांना घरबसल्या तालिका पाहता यावी व पुस्तक राखून ठेवता यावे. डेस्कटॉप बाहेरून दिसत नाही, कारण आमच्या ब्रॉडबँड कंपनीने स्वतंत्र स्थिर आयपी (इंटरनेटवरील न बदलणारा पत्ता) दिलेला नाही. म्हणून दोन मार्ग पुढे आले आहेत. पहिला मार्ग म्हणजे 4 जीबी मेमरीचा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरील आभासी सर्व्हर, भाड्याने घेऊन कोहा आपणच तिथे हलवायचा. याचे भाडे महिन्याला 20 ते 25 डॉलर, म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून वर्षाला साधारण 30,000 रुपये होते. दुसरा मार्ग म्हणजे कोहा सांभाळून देणाऱ्या एका कंपनीकडे सर्व सोपवायचे. त्यांनी जीएसटीसह वर्षाला जवळजवळ 65,000 रुपये सांगितले आहेत.

मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न रास्त आहे: प्रणाली फुकट असताना दुप्पट पैसे नेमके कशाचे? मला याचे उत्तर देता आले नाही. सर्व्हर सांभाळणे म्हणजे प्रत्यक्षात कोणकोणती कामे करणे, आणि ती आमच्यासारख्या संस्थेला झेपतील का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती. आमचे अनुदान हप्त्यांनी येते, त्यामुळे पैसे कधी भरावे लागतील याचाही विचार करावा लागतो.

टर्मिनलवाला

मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचेच काम करतो, त्यामुळे माझे मत काहीसे एकतर्फी असू शकेल. आपल्या आकाराच्या वाचनालयासाठी व्हीपीएस पुरेसा आहे. मात्र भाड्याच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये, कारण भाडे हा या खर्चातला सर्वांत लहान आणि सर्वांत ठळक दिसणारा भाग असतो.

कोहा म्हणजे एकच प्रोग्रॅम नव्हे. त्याच्या पोटात अपाचे हा वेब सर्व्हर, पर्ल भाषेतील मुख्य प्रणाली, मारियाडीबी हा डेटाबेस, शोधासाठी झेब्रा आणि वेगासाठी मेमकॅश्ड असे सगळे एकत्र नांदत असते. मेमरी कमी पडली की लिनक्सची व्यवस्था सर्वाधिक मेमरी खाणारी प्रक्रिया बंद पाडते, आणि ती बहुतेक वेळा मारियाडीबीच निघते. सभासदाला पडद्यावर फक्त त्रुटीचा संदेश दिसतो. त्याचे कारण सर्व्हरच्या नोंदींच्या (लॉग) फायलीत शोधावे लागते. ते शोधणारा माणूस हाच दोन दरपत्रकांमधला खरा फरक आहे.

नियमित कामांपैकी डेबियनची सुरक्षा अद्यतने आपोआप बसण्याची सोय करता येते. संकेतस्थळाच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते व सर्टबॉट हे साधन ते आपोआप नूतनीकृत करतो; पण नूतनीकरण अडले, तर पूर्वी येणारी सूचनेची ईमेल त्यांनी जून 2025 पासून बंद केली आहे, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवणारी वेगळी सोय आपल्यालाच करावी लागते. कोहाची नवी मुख्य आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे व नोव्हेंबरमध्ये येते. इथे एक बारीक गोष्ट सांगतो. डेबियन कोहा जिथून उतरवून घेतो त्या पॅकेजच्या स्रोतात आवृत्तीच्या जागी नुसते 'स्टेबल' लिहिलेले असेल, तर एखाद्या दिवशी साध्या अद्यतनाच्या आज्ञेने अख्खी मुख्य आवृत्तीच बदलते आणि डेटाबेसची रचनाही तिच्याबरोबर पुढे सरकते. ऐन वार्षिक साठा पडताळणीच्या आठवड्यात हे व्हावे अशी कोणाचीच इच्छा नसते. म्हणून तिथे आवृत्तीचा अंक स्पष्ट लिहावा आणि बदल सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊनच करावा.

मराठी ग्रंथसंग्रहासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. झेब्राची शोध-अनुक्रमणिका देवनागरीसाठी आयसीयू या, युनिकोड लिपी हाताळणाऱ्या, पद्धतीने बांधलेली नसेल, तर इंग्रजी शीर्षके व्यवस्थित सापडतात आणि मराठी शीर्षकांचा शोध मात्र अर्धवट चालतो किंवा रिकामा परततो. नव्या यंत्रावर स्थलांतर करताना ही मांडणी हमखास राहून जाते. डेटा सुखरूप असतो, पण वाचकाला वाटते की पुस्तकेच गेली.

ही कामे महिन्याकाठी काही तासांची आहेत. अवघड म्हणाल तर फारशी नाहीत. अडचण एवढीच आहे की ते तास कोणाचे, हे कागदावर ठरलेले असावे लागते. आपल्या बंगळूरच्या मित्राबरोबर स्थानिक महाविद्यालयातील एखादा संगणकाचा शिक्षक जोडला जात असेल आणि दोघांकडेही सर्व्हरचे स्वतंत्र प्रवेशाधिकार असतील, तर मी स्वतः सांभाळण्याच्या बाजूने मत देईन. एकट्या माणसाच्या भरवशावर असाल, तर देणार नाही.

क्लाउडमुक्त

इतका विचार कशाला? 'बेसकँप' आणि 'हे' (HEY) नावाची ईमेल सेवा चालवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीने ऑक्टोबर 2022 मध्ये क्लाउड (भाड्याची सर्व्हर सेवा) सोडत असल्याचे जाहीर केले, स्वतःचे सर्व्हर विकत घेतले आणि मोठी बचत केली. व्यवस्थापित सेवा म्हणजे भीतीवर आकारलेला कर आहे. एक बरा संगणक आणि यूपीएस घ्यावा, स्थिर आयपी मागून घ्यावा, प्रश्न मिटला.

टर्मिनलवाला

त्या कंपनीचे 2022 मधील क्लाउडचे बिल सुमारे 32 लाख डॉलर होते आणि सर्व्हर सांभाळणारा अनुभवी चमू तिच्याकडे आधीपासूनच पगारावर होता. तसेच त्यांनी यंत्रे कार्यालयात ठेवली नाहीत. व्यावसायिक डेटा सेंटरमध्ये जागा घेऊन तिथे ठेवली. वर्षाला 30,000 की 65,000 हा प्रश्न असलेल्या वाचनालयाला या उदाहरणातून घेण्यासारखे फारसे काही नाही. यूपीएस तासाभराची वीज देतो. देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असली की ओपॅकही (सभासदांसाठीची ऑनलाइन तालिका) दिवसभर बंद, हे तालुक्याच्या गावात गृहीतच धरावे लागेल.

ओपॅकमावशी

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. आमचा कोहा बरीच वर्षे एका कंपनीकडे व्यवस्थापित स्वरूपात होता, म्हणून दुसरी बाजू मांडते. पहिली गोष्ट अशी की ती सेवा वाईट नव्हती. फोन उचलला जाई, अद्यतने वेळेवर होत, आणि आमच्या कर्मचाऱ्यांना टर्मिनलचा काळा पडदा कधी पाहावा लागला नाही. तीन माणसांच्या ग्रंथालयात ही सुविधा लहान नसते, आणि टर्मिनलवाला यांच्यासारख्यांना तिचे मोल सहज जाणवत नाही, हे मी प्रेमाने नोंदवते.

अडचण आली ती सोडताना. कंपनीने दर वाढवले, संस्थेने दुसरीकडे जायचे ठरवले आणि आम्ही आमची माहिती मागितली. कंपनीने एक मार्क फाईल (ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपातील फाईल) पाठवली व काम पूर्ण झाल्याचे कळवले. ग्रंथपालांनी हे नीट समजून घ्यावे: मार्क फाईलमध्ये ग्रंथांच्या नोंदी येतात, प्रतींचे बारकोड व दाखल क्रमांकही 952 या क्षेत्रात येतात, परंतु सभासद त्यात येत नाहीत. कोणाकडे कोणते पुस्तक आहे, कोणाचा दंड बाकी आहे, कोणी काय राखून ठेवले आहे, सभासदांचे प्रकार व देवघेवीचे नियम कोणते, आजवरच्या देवघेवीचा इतिहास काय, यातले काहीही त्या फाईलमध्ये नसते. आम्ही पूर्ण डेटाबेसची प्रत मागितली, तेव्हा ती 'आमच्या व्यवस्थेचा भाग' असल्याचे उत्तर आले. करारात आमच्या बाजूने एक ओळही नव्हती. बाहेर असलेल्या पुस्तकांची यादी आम्ही अखेर पडद्यावरून अहवाल काढून, एकेक सभासद तपासून तयार केली.

दुसरे प्रकरण डोमेनचे. ग्रंथालयाच्या तालिकेचा पत्ता कंपनीनेच नोंदवला होता आणि नोंदणी कंपनीच्या नावावर होती. तो पत्ता छापील ओळखपत्रांवर, प्रवेशद्वारावरील फलकावर आणि मूल्यांकनाच्या अहवालात दिलेला होता. तो परत मिळवण्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला, त्यात अख्खे सत्र गेले.

म्हणून दाखलनोंद यांना माझे सांगणे असे की व्यवस्थापित सेवा अवश्य घ्यावी, परंतु डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि शक्यतो वेगळ्या नोंदणीदाराकडे ठेवावे. संपूर्ण डेटाबेसची प्रत दर महिन्याला, न मागता, संस्थेने सांगितलेल्या ठिकाणी आली पाहिजे, आणि करार संपल्यावर ती किती दिवसांत मिळेल हे करारात आकड्याने लिहिलेले असले पाहिजे. विक्रेत्याने यातील एखाद्या अटीला नकार दिला, तर तो नकारच आपल्याला पुरेसे सांगून जातो.

कलम_आठ

तांत्रिक बाजू वर चांगली आली आहे. मी जबाबदारीविषयी लिहितो. व्यवस्थापित सेवा घेतली म्हणजे माहितीच्या सुरक्षेची कायदेशीर जबाबदारीही कंपनीवर गेली, असा समज अनेक संस्थांमध्ये आढळतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मधील कलम 8 पाहिले, तर चित्र वेगळे आहे. सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक कशासाठी घ्यायचे हे वाचनालय ठरवते, म्हणून प्राथमिक जबाबदारी वाचनालयाची. होस्टिंग कंपनी ही वाचनालयाच्या वतीने माहितीवर प्रक्रिया करणारी, आणि तिच्याशी वैध करार असणे आवश्यक. तिच्या हातून माहिती फुटली, तरी या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाला व बाधित सभासदांना कळवण्याचे दायित्व वाचनालयाकडेच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्याकडे बालविभाग असेल तर कलम 9 ही वाचावे, कारण 18 वर्षांखालील सभासदांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे.

याच्या जोडीला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेत. त्यांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी (लॉग) 180 दिवस जपाव्या लागतात. आपला सर्व्हर असेल तर या नोंदी आपण जपायच्या. कंपनीचा असेल तर ती जपते का, आणि मागितल्यावर देते का, हे करारात विचारायचे.

'99.9 टक्के उपलब्धता' या आश्वासनाचेही गणित करून पाहावे. याचा अर्थ महिन्याला सुमारे 43 मिनिटे बंद राहण्याची मुभा. ती ओलांडली गेली तर भरपाई बहुधा पुढील बिलातील सवलतीच्या रूपाने मिळते, आपल्या नुकसानीशी तिचा संबंध नसतो. पाच हजारांच्या मासिक बिलातून मिळणारी सवलत किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणि सेवा देणारा कितीही मोठा असला, तरी स्वतःची प्रत वेगळ्या ठिकाणी असावी. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील संपूर्ण खाजगी क्लाउड खाते गूगलच्या बाजूने झालेल्या मांडणीतील चुकीमुळे पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या निधीने दुसऱ्या सेवादात्याकडेही बॅकअप ठेवले होते, आणि व्यवस्था पुन्हा उभी करताना ते कामी आले.

खजिनदार_नगर

पैशांच्या बाजूने थोडक्यात लिहितो. परदेशी व्हीपीएस कंपन्यांना दर महिन्याला कार्डावरून पैसे द्यावे लागतात आणि बहुतेक वाचनालयांकडे संस्थेचे क्रेडिट कार्ड नसते. मग सचिवांचे किंवा एखाद्या हौशी सदस्याचे वैयक्तिक कार्ड जोडले जाते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांमुळे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी कार्डधारकाची आधी नोंदवलेली मंजुरी लागते. ती नसेल, कार्डाची मुदत संपली असेल किंवा सचिव बदलले असतील, तर बिल थकते, काही स्मरणपत्रे माजी सचिवांच्या ईमेलवर जातात आणि त्यानंतर सर्व्हर बंद होतो. लेखापरीक्षकांना वैयक्तिक कार्डाच्या नोंदी समजावून सांगणे हा आणखी वेगळा त्रास. जीएसटी क्रमांक नसल्यास 18 टक्के कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा.

स्वतः सांभाळायचे ठरले, तरी भारतातील अशी कंपनी निवडावी जी वर्षाचे बिल संस्थेच्या नावाने देते आणि बँक हस्तांतरणाने पैसे घेते. थोडे महाग पडले तरी चालेल. अनुदानाचा हप्ता आल्यावर वर्षाचे एकदम भरून टाकता येते.

दाखलनोंद

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. त्यानंतर मी डेस्कटॉपवरील बॅकअप कुठे होतो ते बंगळूरच्या मित्राकडून विचारून पाहिले. कोहा रोज रात्री आपोआप डेटाबेसची व मांडणीची प्रत घेतो हे कळले. परंतु ती त्याच डिस्कवर, एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि तिथे फक्त शेवटच्या दोन दिवसांच्या फायली आहेत. म्हणजे डिस्क गेली तर सर्वच गेले, आणि एखादी चूक तिसऱ्या दिवशी लक्षात आली तर तीही सुधारता येणार नाही. ही गोष्ट ऐकल्यावर ज्येष्ठ सदस्यांचा 'दुप्पट पैसे कशाचे' हा प्रश्न थोडा मवाळ झाला.

स्थानिक महाविद्यालयात चौकशी केली. तिथले शिक्षक मदतीला तयार आहेत, पण बांधून घ्यायला तयार नाहीत, आणि त्यांची बाजू मला पटते. त्यामुळे मंडळाचा कल व्यवस्थापित सेवेकडे आहे. कंपनीला ओपॅकमावशींच्या अटी लेखी पाठवल्या. डोमेनची अट त्यांनी लगेच मान्य केली. मासिक पूर्ण प्रतीबद्दल आधी 'मार्क आणि एक्सेल देऊ' असे उत्तर आले. आग्रह धरल्यावर डेटाबेसची प्रत देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सर्व्हर बाहेर गेल्यावर गावातील इंटरनेट बंद पडले, तर देवघेव कशी चालवायची? आणि त्यांनी पाठवलेली प्रत खरोखर पूर्ण आहे, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखायचे?

टर्मिनलवाला

आपली परिस्थिती पाहता निर्णय योग्य वाटतो. बांधील नसलेल्या माणसाच्या भरवशावर सर्व्हर चालवण्यापेक्षा पैसे मोजून बांधील माणूस घेणे केव्हाही बरे.

इंटरनेटविषयी आधी सांगतो. कोहासाठी ऑफलाइन देवघेवीची सोय करता येते. बारकोड व वेळ नोंदवून ठेवता येते व जोडणी परत आल्यावर त्या नोंदी चढवता येतात. मात्र त्या काळात सभासदाची थकबाकी किंवा पुस्तकाचे आरक्षण दिसत नाही, हे कर्मचाऱ्यांना माहीत असावे. गर्दीच्या संध्याकाळी मोबाइलचा हॉटस्पॉट बहुतेक वेळा पुरतो, कारण देवघेवीला डेटा फार लागत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड कार्यालयात ठेवावे.

बॅकअपबाबत मात्र नुसत्या फाईलवर विश्वास ठेवू नये. गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसली गेली. मग लक्षात आले की नियमित बॅकअपच बनत नव्हते, कारण बॅकअप घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे चालत होते, आणि अपयशाच्या ईमेल मेल सर्व्हर नाकारत असल्यामुळे कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. या कंपनीचा व्यवसायच संगणक अभियंत्यांसाठी साधने बनवण्याचा आहे, हे लक्षात घ्यावे.

आपला जुना डेस्कटॉप विकू नका. कंपनीच्या सर्व्हरवर कोहाची जी मुख्य आवृत्ती आहे, तीच त्यावर बसवून घ्यावी व दर तिमाहीला कंपनीकडून आलेली प्रत त्यावर पूर्ववत करून पाहावी. हे काम महाविद्यालयातील शिक्षक बांधिलकीशिवायही करू शकतील. पूर्ववत झाल्यावर शोध-अनुक्रमणिका नव्याने बांधावी, आणि मग पडताळणी आपण, ग्रंथपालांनी करावी. ती तंत्रज्ञावर सोपवू नये. सभासदांची एकूण संख्या जुळते का, काल दिलेले एखादे पुस्तक त्याच सभासदाच्या नावावर दिसते का, 'इतिहास' असा देवनागरीत शोध घेतल्यावर दोन्हीकडे तितकेच निकाल येतात का, कोणाचा बाकी दंड तोच आहे का, एवढे पाहिले की प्रत पूर्ण आहे की नाही ते उघड होते. सभासदांची छायाचित्रे व अपलोड केलेल्या फायली वेगळ्याने तपासाव्यात. अपलोड केलेल्या फायली डेटाबेसच्या प्रतीत येतीलच असे नाही.

या पडताळणीची तारीख व निकाल बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावा, म्हणजे ग्रंथपाल बदलले तरी ती चालू राहील. आणि पहिली पडताळणी कराराचे पूर्ण पैसे देण्याआधी करावी. कंपनीने चाचणीपुरती आपली माहिती तिच्या सर्व्हरवर चढवून पूर्ण प्रत पाठवावी, ती आपल्या डेस्कटॉपवर उघडली की मगच वार्षिक रकमेचा धनादेश द्यावा.